चाइमचा ‘टक्’, सासूबाईंची घंटा आणि काशाची वाटी

चाळीसगावच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलीनं पुण्याहून वाढदिवसाला चाइम पाठवलं. लाकडी ठोकळ्यावर दोरीनं बांधलेली अॅल्युमिनियमची वीतभर कांडी आणि रबरी डोक्याची छोटी मोगरी. दुकानात मुलीनं वाजवलं तेव्हा छान घुमत होतं, घरी मात्र ‘टक्’ करून गप्प होतं. ध्यानाला बसल्यावर किती वेळा वाजवायचं, दर मिनिटाला का? सोबतच्या कागदावर लिहिलंय की हा अमुक चक्राचा सूर आहे आणि त्यानं रक्तदाब उतरतो, तर गोळी कमी करता येईल का? आणि सासूबाई म्हणतात, देवघरात घंटा असताना ही कांडी कशाले? शिवाय त्यांना ती नीट ऐकूही येत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नांच्या क्रमानं जात नाही. आधी तो ‘टक्’ निस्तरू. कांडी घुमायलाच तयार नसेल तर तिच्यावर ध्यान करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

मी ध्यान शिकवतो त्याला एकवीस वर्षं झाली, पण धातू ऐकायला त्याच्या कितीतरी आधी शिकलो. भुसावळच्या रेल्वे यार्डात माझी नोकरी डबे तपासायची. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि चाकाचाकावर एकेक टोला द्यायचा. चाक धड असेल तर ते खणखणीत वाजतं आणि आवाज जरा रेंगाळतो. कुठं तडा असेल तर बद्द वाजतं. नवीन लागलो तेव्हा मी दणादण टोले मारत पुढं पळायचो. एका जुन्या मिस्त्रींनी हात धरला आणि म्हणाले, ‘मारता कोणालाबी येतं भो, पगार ऐकायचा आहे.’ तुम्ही उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना टिचकी मारून कान देता, तेच हे काम. फक्त रात्रपाळीत आणि तेलकट कपड्यांत.

तर तुमची कांडी. दोन्ही टोकं मोकळी असलेली कांडी वाजते तेव्हा ती धनुष्यासारखी वर-खाली वाकत असते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. मधला भाग जोरात हलतो, दोन्ही टोकं जोरात हलतात, पण मध्ये दोन जागा अशा असतात की तिथं हालचाल जवळजवळ नसतेच. बारावीच्या पुस्तकात त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर येतात. म्हणजे कांडी १५ सेंटीमीटरची असेल तर दोन्ही बाजूंनी सुमारे ३.४ सेंटीमीटरवर. चांगला कारागीर दोरी नेमकी तिथंच बांधतो, कारण जी जागा हलतच नाही ती धरली तर आवाजाचं काही बिघडत नाही. दोरी तिथून बोटभर सरकली की तीच दोरी ब्रेकचं काम करते.

माझा अंदाज, कुरियरच्या पिशवीत तुमची कांडी सरकली आहे. पट्टी घ्या, मोजा, सरकवा. पट्टी नसेल तर दुसरी युक्ती: कांडी वाजवा आणि घुमत असतानाच नखाचं टोक हलकेच तिच्यावर एकेका जागी टेकवून बघा. बहुतेक ठिकाणी आवाज तिथल्या तिथं मरेल. जिथं नख टेकवूनही तो चालू राहील, ती दोरीची जागा.

तेवढ्यानं भागलं नाही तर कांडी खाली लाकडाला कुठं चिकटते का ते उजेडाकडं धरून बघा. दोरी सैल झाली की कांडी मधोमध लोंबते आणि वाजवल्यावर ठोकळ्याला थडथडते. कांडी आणि लाकूड यांच्यात सगळीकडून फट दिसली पाहिजे.

आणि तिसरं कारण बहुतेक वेळा हातच असतो. नवीन माणूस मोगरी मारतो आणि तशीच दाबून धरतो, पोळपाटावर लाटणं ठेवल्यासारखी. मोगरी कांडीला लागली की त्याच झटक्यात परत आली पाहिजे, तव्यावर बोट लागल्यावर हात येतो तशी. मनगट ढिलं, मोगरी दोन बोटांत अलगद, आणि जोर फार कमी. टोला द्यायचा मधोमध. त्यालाही कारण आहे. कांडीतून एकच सूर निघत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या साधारण २.७६ पट आणि ५.४ पट उंचीचे सूरही उठतात. तंबोऱ्याच्या तारेत वरचे सूर दुप्पट, तिप्पट असे हिशेबात येतात, म्हणून ते कानात विरघळतात. कांडीचे असे अडनिडे येतात, म्हणून त्यात घंटेसारखा झणकारा असतो. बरोबर मध्ये टोला दिला तर २.७६ पटीचा सूर उठतच नाही, कारण त्याची स्थिर जागा नेमकी मध्यावर असते. तुमच्या मोगरीचं रबर मऊ आहे, ते आणखी वरचे टोकदार सूर दाबतं. उरतो तो मूळ सूर, आणि तोच सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. लाकडी किंवा लोखंडी काहीतरी घेऊन टोकावर मारलं की कानात सुई गेल्यासारखं होतं. पोरं तेच करतात, मोगरी त्यांच्या हाती लागू देऊ नका.

आता बसायचं कसं.

दर मिनिटाला वाजवू नका. लोक चाइम आणतात आणि पहिल्या दिवशी शाळेच्या शिपायासारखे टोल देत बसतात. (आमच्या रेल्वेच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला होता. एका मीटरला ५२ किलो भरणारा रूळ, त्याचा हातभर तुकडा. तो शिपायाच्या हातून वाजला की अख्खी चाळ जागी व्हायची. ध्यानाचा संबंध नव्हता, पण पहिल्या सुराची ओढ मला तिथंच लागली असावी.)

पहिले आठ दिवस ध्यान करायचंच नाही असं ठरवा. फक्त ऐकायचं. पाच मिनिटं पुरे. पाठ ताठ, पण यार्डातल्या सिग्नलसारखी नव्हे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा. कांडी हाताच्या अंतरावर, कानाच्या खाली, मांडीच्या पातळीला. एक टोला द्या आणि मोगरी खाली ठेवा. हो, खाली ठेवाच. हातात राहिली की मन पुढच्या टोल्याची वाट बघत बसतं. डोळे मिटा आणि आवाजाच्या मागं मागं जा. सुरुवातीला तो खोलीभर असतो. मग मागं सरतो. मग बारीक होतो, दोऱ्यासारखा. मग येतो-जातो असं वाटायला लागतं. आणि मग एक जागा अशी येते की आवाज आहे की आपल्याला आहेसं वाटतंय हे सांगता येत नाही. सगळं काम त्या जागेवर आहे.

का, ते सांगतो. श्वासावर लक्ष ठेवा असं कोणी सांगितलं तर श्वास दिवसभर तसाच चालतो, त्यात मनाला धरायला काठ सापडत नाही. विरत जाणारा सूर मात्र क्षणाक्षणाला बारीक होतो, आणि त्याला धरून ठेवायचं तर लक्षही तितकंच बारीक करावं लागतं. कोणी ‘मन एकाग्र करा’ असं म्हणत नाही, जोर लावायला लागत नाही. कान आपोआप टवकारतात आणि त्या वेळेपुरती आतली बडबड थांबते, कारण बडबड चालू असेल तर तो शेवटचा दोरा ऐकूच येत नाही. सुईत दोरा ओवताना आपण नकळत श्वास रोखतो ना, तसं काहीसं. फक्त इथं श्वास रोखायचा नाही. बरेच जण रोखतात, म्हणून आधीच सांगितलं. उलट टोला दिल्यावर सावकाश श्वास सोडा.

आवाज पूर्ण गेला असं वाटलं की तीन श्वास तसेच बसा. पंखा असेल, कबुतरं असतील, शेजारची भांडी असतील, जे उरलंय ते ऐका. मग दुसरा टोला. पाच मिनिटांत असे पाच-सहा टोले होतात.

आमच्या सकाळच्या वर्गात एक खेळ घेतो. टोला देतो आणि सांगतो, आवाज संपला की हात वर करा, डोळे मिटलेलेच ठेवा. पहिला हात दहा सेकंदांत वर जातो, शेवटचा कधी कधी पंचवीस-तिसाव्या सेकंदाला. त्याच खोलीत, त्याच कांडीला. अमळनेरकडचे एक शेतकरी मुलाकडं राहायला आले होते, तेवढे पंधरा दिवस वर्गाला यायचे. त्यांचा हात वर गेलाच नाही. मी म्हटलं, काका, अजून ऐकू येतंय? डोळे न उघडता म्हणाले, ‘आवाज गया, पन मन आठेच शे.’ (आवाज गेला, पण मन इथंच आहे.) मी वीस वर्षं जे समजावतो ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं, आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागले.

आठ दिवसांनी टोले कमी करा. दहा मिनिटांच्या बैठकीला तीन. एक सुरुवातीला, एक मध्ये केव्हातरी, एक शेवटी. मधला टोला घड्याळ बघून देऊ नका. मन भाजीच्या हिशेबात, मुलीच्या फोनमध्ये बरंच लांब गेलंय असं ध्यानात आलं की द्या. मन भटकतं याचा राग धरू नका. ते गेलं होतं हे कळणं एवढंच तर हवं आहे. जपानच्या झेन मठांत बैठक सुरू करायला तीन टोले आणि संपवायला एक, अशी रीत आहे. कोणाला ती आवडत असेल तर तशी करा. टोल्यांचा आकडा माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा नाही, पण एकदा ठरवला की महिनाभर बदलू नका.

तुम्ही विपश्यनेचं शिबिर केलेलं असेल तर एक सूचना. इगतपुरीला धम्मगिरीत पहाटे चारला घंटा होते, पण ती उठवायला. साधनेत आवाजाचा आधार घेत नाहीत, श्वास आणि संवेदना एवढंच. तो मार्ग धरला असेल तर चाइम त्यात कालवू नका. वेगळ्या वेळी वेगळं म्हणून वाजवा.

वेळ कोणती? आपल्याकडं उन्हाळा ही या सगळ्यातली मोठी अडचण आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. चाळीसगावला तुमचेही हाल फार वेगळे नसणार. दिवसभर कूलर घरघरत असतो. कूलर चालू असताना कांडीचा आवाज दहाव्या सेकंदालाच बुडतो; कांडी घुमतच असते, पण कूलर तिला खाऊन टाकतो. म्हणून मार्च ते जून पहाटे पाचला गच्चीवर बसा. अंथरुणं तिथंच असतात, कूलर बंद असतो, हवाही जरा उतरलेली असते. बाकी वर्षभर संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी चालेल. दुपारी नको. त्यातून वरण-बट्टी झाली असेल तर मुळीच नको. समाधी लागल्यासारखं वाटतं आणि घरचे सांगतात की घोरत होता.

भुसावळात आमच्याकडं मालगाडी गेली की टोला वायाच जातो. जाऊ द्यायचा. गाडी पूर्ण जाईपर्यंत गाडीच ऐकायची. तिचाही आवाज विरतच जातो की.

मोबाइलवर चाइमचा आवाज मिळतो, तो गजरापुरता ठीक. ज्या बारीक शेपटासाठी आपण बसतो ते फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून कानापर्यंत येत नाही, मध्येच कापल्यासारखं होतं.

आता तो कागद.

अमुक सूर अमुक चक्राचा, ४३२ हर्ट्झ निसर्गाचा, ५२८ हर्ट्झ पेशी दुरुस्त करणारा, असलं जे लिहितात त्याला आधार नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप आहे. पेशींना त्याची काय खबर? आज वाद्यं लावताना ४४० हर्ट्झचा सूर प्रमाण धरतात तोही एक करारच, सगळ्यांनी मिळून मानलेला. तुमच्या कांडीचा सूर कोणताही असो, तुम्हाला तो गोड लागतो आणि बराच वेळ टिकतो, एवढं पुरे. मी स्वतः एका प्रदर्शनात ध्यानात वाजवायचा, सप्तधातूचा म्हणून एक वाडगा दामदुप्पट पैसे देऊन घेतला होता. आमच्या ओळखीच्या तांब्या-पितळेच्या व्यापाऱ्यानं तो हातात घेऊन, एकदा वाजवून सांगितलं की हे सरळ कासं आहे. वाजतो मात्र झकास, अजून वापरतो.

रक्तदाबाचं. वाडग्यांच्या नादानं ताण कमी होतो का यावर थोडाफार अभ्यास झाला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ लोकांना नाद ऐकवला आणि त्यांनी आधी-नंतर भरलेल्या उत्तरांत ताण, राग, थकवा कमी झालेला दिसला. पण त्यात नाद न ऐकवलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. नुसतं तासभर शांत आडवं पडूनही माणसाला बरं वाटतंच, मग नादाचा वाटा किती, हे त्यातून ठरत नाही. मी जे बघतो ते साधं आहे. सूर वीस सेकंद टिकतो, तेवढ्यात माणूस दोनच श्वास घेतो, एरवी पाच-सहा घेतले असते. श्वास सावकाश झाला आणि सोडणं लांबलं की नाडी जरा मंदावते, खांदे खाली येतात. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण ते त्या वेळेपुरतं. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीसुद्धा करू नका. आमच्या वर्गातल्या एकांनी मला न विचारता गोळी बंद केली आणि दीड महिन्यानं चक्कर येऊन पडले. त्यानंतर नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी आधी हे सांगतो, बसायचं कसं ते नंतर.

सगळ्यांना चाइम मानवतं असंही नाही. कानात सतत शिट्टी वाजण्याचा त्रास असेल, अर्धशिशी असेल, आवाजानं दचकायची सवय असेल, तर जपून. एकदा मीच चुकलो. डोळे मिटून बसलेल्या वर्गात, कोणाला काही न सांगता, जरा जोरात टोला दिला. पुढच्या रांगेतले एक आजोबा असे दचकले की त्यांचा हात छातीवर गेला. नंतर कळलं की आदल्या महिन्यातच त्यांच्या घरात एक अपघाती मृत्यू झाला होता आणि तेव्हापासून दार आपटलं तरी ते घाबरायचे. मला स्वतःचीच लाज वाटली. व्हिएतनामचे भिक्खू थिक न्हात हान यांच्या परंपरेत ‘घंटा वाजवली’ असं म्हणत नाहीत, ‘घंटेला निमंत्रण दिलं’ असं म्हणतात. आणि पूर्ण टोल्याच्या आधी एक अर्धा टोला देतात, मोगरी टेकवून लगेच दाबलेला, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की आता आवाज येणार आहे. ते मी उचललं. तुमचा तो ‘टक्’ इथं कामाला येईल बघा: आधी मुद्दाम एक ‘टक्’, एक श्वास जाऊ द्यायचा, मग मोकळा टोला. घरात कोणी आजारी असेल, लहान मूल झोपलेलं असेल, तर हे कराच.

कांडी कानाजवळ धरून वाजवू नका, दुसऱ्याच्या तर नकोच.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला पटतं. घंटा आपल्याकडं काही आजची नाही. ध्यानबिंदू उपनिषदात ओंकाराला दोन उपमा दिल्या आहेत: तेलाची न तुटणारी धार आणि घंटेचा लांबत जाणारा निनाद. म्हणजे घंटेचा टोला सोडून तिचा शेपटाचा भाग धरायचा, हे आपल्याच जुन्या लोकांना ठाऊक होतं. फक्त आपण आरतीत ती सारखी हलवतो, लोलक आपटत राहतो, एक आवाज दुसऱ्यावर चढतो आणि शेपूट कधी ऐकायलाच मिळत नाही. आरतीत ते बरोबरच आहे, तिथं गजर हवा असतो. पण आरती झाल्यावर, सगळे उठून गेले की सासूबाईंना म्हणा, एकदाच वाजवा आणि हात स्थिर ठेवा. दांड्याशी धरलेल्या हातानं फारसं बिघडत नाही, घंटेचा काठ मोकळा असला की झालं. त्या स्वतःच म्हणतील की ही घंटा एवढी वाजते हे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

कांडी त्यांना ऐकू येत नाही याचं कारण बहुधा वय. वाढत्या वयात कान आधी उंच सूर सोडतात, खालचे बराच काळ टिकतात. आता तुमची कांडी बघा: १२ मिलिमीटर जाडीची भरीव अॅल्युमिनियमची कांडी १५ सेंटीमीटर असेल तर तिचा सूर २४०० हर्ट्झच्या आसपास जातो, चिमणीच्या चिवचिवाटाकडं. तीच कांडी दुप्पट लांब, ३० सेंटीमीटर केली तर सूर निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो, ६०० हर्ट्झच्या जवळ. दोन सप्तकं खाली. तो सूर म्हाताऱ्या माणसालाही सहसा मिळतो. तरी सासूबाईंचे कान एकदा तपासून घ्या. मळ साचलेला असला तरी असं होतं, आणि त्याला उपाय सोपा आहे.

अशी लांब कांडी घरी करता येते. हार्डवेअरच्या दुकानात १२ मिलिमीटरची भरीव अॅल्युमिनियमची सळई मिळते. ३० सेंटीमीटरचा तुकडा कापून घ्या, टोकं कानशीनं घासून गुळगुळीत करा. दोन्ही टोकांपासून ६.७ सेंटीमीटरवर खुणा करा. एका जुन्या पाटाला चार खिळे मारून त्यावर नायलॉनची दोरी ताणा आणि खुणा दोरीवर येतील अशी सळई ठेवा. मोगरी म्हणून काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. याच मापाची लोखंडी सळई घेतली तर सूर जवळपास तोच लागतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. लोखंड जड आहे, पण तितकंच ताठरही आहे, त्यामुळं फिटंफाट. मात्र साधी सळई गंजते आणि हाताळायला जड पडते, म्हणून माझं मत अॅल्युमिनियमलाच.

हौस असेल तर अशा दोन सळया करा आणि एकीचं टोक घासून ती एक मिलिमीटरनं कमी करा. दोन्ही एकदम वाजवल्या की आवाज सेकंदाला चारेक वेळा हेलकावतो. शास्त्रात त्याला विस्पंद म्हणतात. पाव मिलिमीटरचाच फरक ठेवला तर हेलकावा सेकंदाला एक, झोपाळ्यासारखा. तो मला फार आवडतो. पण पाव मिलिमीटर घासायला धीर लागतो, मी तीन सळया वाया घालवल्या.

आणि एवढी खटपट नको असेल तर घरात काशाची वाटी असेलच, तळपायाला तूप लावून घासायची. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ या प्रमाणात, घंटेचाच धातू. ती वाटी धुऊन, पुसून पाच बोटांच्या टोकांवर उभी धरा, तळवा लागू देऊ नका, आणि कांडीच्या मोगरीनं काठावर बाहेरून हळूच टोला द्या. पितळेची वाटी घेऊन करून बघा म्हणजे फरक कळेल. सासूबाईंच्या बोटांवर वाटी ठेवून तुम्ही टोला दिलात तर कान कमी असला तरी बोटांना ती थरथर लागते. एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला तुम्ही गेलाच असाल, तिथं ती प्रचंड घंटा आहे, ४४० किलोची म्हणून सांगतात. अशा मोठ्या घंटेजवळ उभं राहिलं की पहिलं छातीला कळतं, कानाला नंतर. वाटीचं तेच, लहान प्रमाणात.

तेव्हा एक दिवस त्यांनी वाटी धरावी, तुम्ही टोला द्यावा, आणि थरथर थांबली की त्यांनी सांगावं. दुसऱ्या दिवशी टोला त्यांचा. तुमची पुण्याहून आलेली कांडी पहाटेच्या बैठकीला राहू द्या. तिची दोरी मात्र दर उन्हाळ्यात तपासत जा. आपल्याकडच्या उन्हानं ती ढिली पडते, कांडी पुन्हा खाली टेकते, आणि तुम्हाला परत वाटेल की चाइम बिघडलं.